मर्यादेंतला अपराध

आपण आपल्या ठरलेल्या मर्यादेंत राहिलों म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, अशी एक समजूत सुशिक्षित मंडळींत फार रूढ आहे. सामाईक वस्तूचा नाश झाला कीं आपण लगेच कोणाचा तरी लोभ शोधूं लागतों. लोभी मनुष्य सांपडला नाहीं तर दैवाला दोष देतों. परंतु सर्वांनीं नियम पाळले, कोणीहि हाव धरली नाहीं, आणि तरीहि सर्वांची हानि झाली, असें होऊं शकतें काय? मनुष्यांच्या व्यवहारांत या प्रश्नाचें निर्भेळ उत्तर मिळणें कठीण. कारण तेथें लोभ आणि मत्सर सर्वत्र मिसळलेले असतात. म्हणून ज्यांना मनच नाहीं अशा रहिवाशांच्या एका वसाहतीकडे वाचकांनीं क्षणभर माझ्याबरोबर यावें.

ही वसाहत म्हणजे डेटाबेस सर्व्हर; बँकेचीं खातीं, गाड्यांचें आरक्षण, परीक्षांचे निकाल ज्याच्या दप्तरांत राहतात तो. उदाहरणासाठीं पोस्टग्रेस घेऊं. १९८६ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बर्कली येथें, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखालीं त्याच्या कामास आरंभ झाला. जो कोणी त्याच्याशीं जोडला जातो, त्याच्या सेवेसाठीं तो एक स्वतंत्र प्रक्रिया उभी करतो. कचेरींत येणाऱ्या प्रत्येक पक्षकारास एकेक कारकून नेमून द्यावा तसें. या कारकुनांना दोन प्रकारची मेमरी लागते : एक सर्वांची सामाईक आणि दुसरी ज्याची त्याची.

सामाईक मेमरी सर्व्हर सुरू होतांना एकदांच मोजून घेतली जाते. केवळ डेटाबेससाठीं ठेवलेल्या यंत्रांत ती एकंदर मेमरीच्या चौथ्या हिश्शाइतकी असावी, असा प्रारंभापुरता सल्ला देतात. तिचे ८ किलोबाइटांचे कप्पे असतात. डिस्कवरील दप्तराचें एक पान एका कारकुनानें तेथें आणून ठेवलें कीं तें सर्वांना वाचतां येतें. प्रत्येक पानाच्या नांवावर त्याच्या उपयोगाचा आंकडा असतो. पान वापरलें गेलें कीं तो एकानें वाढतो, पण ५ च्या पुढें कधींच जात नाहीं. नव्या पानाला जागा हवी झाली म्हणजे घड्याळाच्या कांट्यासारखा एक हात सर्व कप्प्यांवरून फिरतो आणि प्रत्येक आंकडा एकानें उतरवितो. जें पान शून्यावर आलेलें आहे व कोणाच्या हातांत नाहीं, त्याला जागा सोडावी लागते. येथें कोणाचें वतन नाहीं. उपयोग असेल तोंवर मान, आणि उपयोग सरला कीं निरोप. एखाद्या कारकुनाला अवाढव्य कोष्टक आरंभापासून शेवटपर्यंत वाचावयाचें असेल, तर त्याला एक लहानशी जागा देऊन तीच पुनःपुन्हां वापरावयास लावतात. एकाच्या वाचनापायीं इतरांचीं पानें बाहेर पडूं नयेत हा हेतु. सामाइकाची नीति इतकी विचारपूर्वक ठरलेली आहे.

खरी आपत्ति येते ती खासगी मेमरींतून. माहितीची क्रमवारी लावणें, दोन कोष्टकांची सांगड घालणें, अशा प्रत्येक कृतीस अमुक इतकी मेमरी घ्यावी, अशी मर्यादा असते. मूळची ४ मेगाबाइट. परंतु ही मर्यादा कृतीची आहे, कारकुनाची नव्हे. एका प्रश्नाच्या उत्तरांत अशा तीन-चार कृति सहज असूं शकतात. आणि सर्व कारकुनांच्या खासगी खर्चाला बांध घालील अशी एकत्रित मर्यादा कोठेंच नाहीं.

कल्पना करा कीं यंत्रांत १६ गीगाबाइट मेमरी आहे व तींतील ४ सामाईक आहे. कामें जलद व्हावींत म्हणून व्यवस्थापकानें कृतीची मर्यादा ६४ मेगाबाइट केली. रोज एका वेळीं दहाच कारकून कामांत असतात, तेव्हां सर्व सुरळीत चालतें. मग परीक्षेच्या निकालाचा दिवस उगवतो. १०० कारकून एकदम कामास लागतात व प्रत्येकाच्या प्रश्नांत अशा चार कृति एकाच वेळीं चालतात. १०० गुणिले ४ गुणिले ६४ म्हणजे २५,६०० मेगाबाइट. शिल्लक मेमरीच्या दुपटीहूनहि अधिक! यांत एकानेंहि मर्यादा ओलांडलेली नाहीं.

सर्व्हर ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो ती लिनक्स असेल, तर ती बहुधा मागेल त्याला ‘घ्या’ म्हणते. मागणारे सर्वच एका वेळीं खर्च करणार नाहींत, हा तिचा भरंवसा. तो फसला कीं ती एका प्रक्रियेला ठार करते. बहुधा जिनें सर्वांत जास्त मेमरी धरली आहे तिला. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाहीं. मेलेल्या कारकुनानें सामाईक मेमरींत कांहीं अर्धवट लिहिलें असेल, या शंकेनें मुख्य प्रक्रिया बाकीच्या सर्व कारकुनांनाहि उठविते. अपुरे व्यवहार रद्द होतात, नोंदवहीवरून सर्व पुन्हां मांडलें जातें. पूर्ण झालेले व्यवहार सुरक्षित राहतात, हें खरें. पण ज्यांचा या प्रकरणाशीं कांहीं संबंध नव्हता त्यांचेंहि चालू काम बुडतें.

आतां अपराधी कोण? १९६८ सालीं गॅरेट हार्डिन यांनीं सामाईक कुरणाच्या नाशावर जो निबंध लिहिला, त्यांतील प्रत्येक गुराखी निदान स्वतःच्या फायद्यासाठीं एकेक गुरूं वाढवीत असतो. येथें तेवढाहि स्वार्थ नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपण मुलांना शिकवितों; पण ही म्हण एका मनुष्याच्या एका अंथरुणाची आहे. अंथरूण एक आणि निजणारे शंभर असतील, तर प्रत्येकानें आपले पाय मोजून भागत नाहीं.

व्यवस्थापकाला दोष देणें सोपें आहे, परंतु त्याची अडचणहि खरी आहे. मर्यादा फार आंखडली तर क्रमवारीचें काम डिस्कवर जाऊन मंदावतें; एका दिवसाच्या संकटासाठीं वर्षभर सर्वांनीं तिष्ठत राहावयाचें. रोजच्या सुखाचा किती भाग क्वचित् येणाऱ्या संकटासाठीं राखून ठेवावा, हा प्रश्न यंत्रशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचा आहे.

माझ्या मतें याचें उत्तर नकाराच्या वेळेंत आहे. ऐपतीबाहेरचें वचन देऊं नकोस, असें लिनक्सला बजावून ठेवतां येतें. मग ऐपत संपली कीं नव्या मागणीला दारांतच नकार मिळतो. एक प्रश्न अनुत्तरित राहतो आणि बाकीचे कारकून लिहीत राहतात. किंवा कारकुनांची संख्याच बेताची ठेवून उरलेल्या पक्षकारांना रांगेंत उभें करतां येतें. दोन्ही उपाय कठोर दिसतात. परंतु वेळेवर दिलेला नकार एकाला दुखवितो, आणि न पाळतां येणारें वचन सर्वांना बुडवितें. ज्याला ‘नाहीं’ म्हणवत नाहीं त्याला आपण उदार म्हणतों. त्याच्या औदार्याची किंमत पुष्कळदां तिसराच मनुष्य मोजतो.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. त्या बिचाऱ्या प्रक्रियेला आपल्या शेजारणीची खासगी गरज दिसत नाहीं. आपल्यासारख्या आणखी नव्याण्णव जणी त्याच घटकेला तेंच मागत आहेत, हें तिला कळण्याचा मार्ग नाहीं. म्हणून ती निर्दोष. विहिरीचें पाणी, रस्त्याची रुंदी, घरांतल्या मिळवत्या माणसाचे श्रम, यांतील आपला वाटा उचलतांना मनुष्याला मात्र इतर वाटेकरी डोळ्यांसमोर दिसत असतात, आणि त्याला गुणाकारहि येतो. तो करावयाचा टाळून ‘मीं माझी मर्यादा सोडली नाहीं’ असें म्हणण्याचा अधिकार त्याला उरत नाहीं.