इस्लापूरची माती, समुद्राचा रंग

इस्लापूरजवळ सहस्रकुंडला पैनगंगा काळ्या खडकावरून कोसळते. पावसाळ्यात तिचं गढूळ पाणी वर्धा आणि प्राणहितेतून गोदावरीला मिळतं आणि आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात शिरतं. इस्लापूर ज्यात येतं त्या किनवट तालुक्यातल्या कित्येकांनी समुद्र पाहिला नसेल. त्यांच्या शिवारातली माती मात्र त्या वाटेला लागलेली असते, आणि समुद्राच्या रंगात ती दिसते.

भारताने १९९९ साली पहिला ओशनसॅट उपग्रह सोडला, तेव्हापासून आपण समुद्राचा रंग आकाशातून मोजतो आहोत. २०२२ सालच्या ओशनसॅट-३ वरचा संवेदक तो १३ वर्णपट्ट्यांत टिपतो. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतिप्लवकांचं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषतं, म्हणून प्लवक वाढले की निळं पाणी हिरवट दिसू लागतं. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था या रंगाला तापमानाची जोड देऊन, मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते मच्छीमारांना कळवते.

हे मोजमाप सोपं नाही. उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशात समुद्राचा वाटा जेमतेम दहावा. बाकीचा बहुतेक हवेने विखुरलेला असतो. नदीच्या मुखाशी तर रंगावरून हरितद्रव्य काढण्याचं, खोल समुद्रासाठी बसवलेलं सूत्र गाळालाच प्लवक समजून बसतं. तिथे होडीतून नमुने आणून, पाणी गाळून हरितद्रव्य तपासावंच लागतं. शिवाय नदी सर्वांत जास्त माती नेते त्या ऐन पावसाळ्यात ढग आड येतात.

रंग दिसला म्हणजे कारण कळलं, असं होत नाही. गाळ म्हणजे प्रदूषण, हा निकालही घाईचा आहे. गोदावरीचा त्रिभुज प्रदेश गाळानेच घडला. नदीने आणलेल्या सिलिकावर आणि नायट्रेटवर प्लवक पोसतात, प्लवकांवर मासे. धरणांत गाळ अडल्याने समुद्राला तो आता कमीच मिळतो. नदीची माती हा समुद्राचा हक्क आहे. पण कपाशीच्या रानातला सुपीक वरचा थर आणि खत टाकल्यावर जोराच्या पावसात धुऊन गेलेला युरिया ही शेतकऱ्याची लूट आहे. आकाशातून पाहता दोन्ही एकाच गढूळ पट्ट्यात मिसळलेली असतात. कोणत्या ओघळीतून काय गेलं, हे बांधावर उभ्या माणसालाच ठाऊक असतं.

म्हणून समुद्राच्या अभ्यासात पाणलोटातल्या शेतकऱ्याला जागा हवी. आणि तोवर, उताराला आडवी पेरणी करा, बांध फुटू देऊ नका, युरिया विभागून द्या. एवढं तर आपल्याच हातात आहे.