‘ध’ चा ‘मा’ आणि आमची कचेरी

बाहेरगावचे पाहुणे आले म्हणजे आम्ही त्यांना धारचा किल्ला दाखवावयास नेतो. तांबड्या दगडाचा तट पाहून झाला की खरबुजा महालापाशी थांबतो आणि सांगतो, की दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १० जानेवारी १७७५ रोजी ह्याच किल्ल्यात झाला. पेशव्यांच्या घरचे मूल माळव्यात कसे जन्मले, असे पाहुणे विचारतात. मग मागची हकीकत सांगावी लागते. पुण्याचा कारभार बारभाईंनी हाती घेतला, रघुनाथराव उत्तरेकडे पळाले, आणि गरोदर आनंदीबाई धारच्या पवारांच्या आश्रयास राहिली. आनंदीबाईचे नाव निघाले की पाहुण्यांच्या चेहऱ्यावर हसू येते. “म्हणजे तीच ना, ‘ध’ चा ‘मा’ करणारी?”

पूर्वी आम्हीही त्यांच्याबरोबर हसत असू. आता हसवत नाही. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. लोकांच्या तोंडी कथा अशी आहे, की रघुनाथरावांच्या हुकुमात ‘धरावे’ असे होते, त्याचे आनंदीबाईने ‘मारावे’ केले. ह्या कथेतील एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गारद्यांचा पगार थकलेला होता, आणि त्यांची ती तक्रार खरी होती. रघुनाथराव वाड्यात नजरकैदेत होते, तेव्हा त्यांच्या मनातला सलही खरा होता. कपटी माणसाला असे एखादे खरे दुखणे लागते. ते सापडले, की एक अक्षर बदलण्यापुरतेच काम उरते.

आमच्या कचेरीत असेच झाले. पुष्कळ वर्षे झाली त्याला. आमच्या सौभाग्यवतीला त्या वर्षी मोठे आजारपण आले होते. इंदूरच्या खेपा चालू होत्या, रजा संपत आली होती, आणि टेबलावर फायलींचा ढीग साचला होता. अशा दिवसांत एक सहकारी रोज दुपारी आपण होऊन चहा मागवी, वहिनींची प्रकृती कशी आहे असे विचारी, आणि उठताना हळूच म्हणे, “भाऊ, तुम्हाला म्हणून सांगतो. माझे नाव मात्र कुठे येऊ देऊ नका.” एके दिवशी त्याने सांगितले, की साहेबांनी बडे बाबूंना हुकूम दिला आहे, ‘इनको काम से हटा दो.’ झाले! आम्ही साहेबांच्या खोलीत जाणे बंद केले. समोरून आले तर मान फिरवू लागलो. वर एक कडवट अर्जही पाठवला. आठ महिन्यांनी साहेबांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी ते आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, की तुमच्या घरची अडचण पाहून मी बडे बाबूंना सांगितले होते, ‘इनका काम थोड़ा हल्का कर दो.’ त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलणेच का सोडलेत, ते मला आजवर कळले नाही.

‘हल्का’ चे ‘हटा’ झाले होते. आणि आम्ही एकदाही त्यांच्या दाराशी जाऊन विचारले नव्हते.

त्या रात्री आम्हांला दावीद राजाची आठवण झाली. अबशालोमाने बंड केल्यामुळे तो थकलाभागला डोंगर ओलांडून चालला असता मफीबोशेथाचा चाकर सीबा त्याला भेटला. खोगीर घातलेली दोन गाढवे, दोनशे भाकरी, मनुकांचे शंभर घड, फळे, द्राक्षारस असे सगळे घेऊन तो आला होता. धनी कोठे आहे असे राजाने विचारताच, तो तुमचे राज्य घेण्याची वाट पाहत यरुशलेमेत बसला आहे, असे त्याने सांगितले. दाविदाने त्याच जागी मफीबोशेथाची सारी मिळकत सीबाला देऊन टाकली. पुढे तो पायांनी अधू असलेला मनुष्य राजापुढे येऊन आपली बाजू सांगू लागला, तेव्हा दाविदाला ते ऐकण्याचाही कंटाळा आला. मिळकत दोघांत वाटून घ्या, असे सांगून तो मोकळा झाला. संडेस्कूलमध्ये हा पाठ आम्ही अनेकदा शिकवला आहे. पण भाकरी नेमक्या भुकेच्या वेळीच का आल्या, हा प्रश्न मुलांना कधी विचारला नाही.

भुकेच्या वेळी भाकरी आणणारा प्रत्येक जण सीबा असतो असे नव्हे. तसे मानू लागलो तर मंडळीत कोणी कोणाच्या घरी डबा नेणार नाही. फरक भाकरीनंतर कळतो. खरा मित्र डबा ठेवून जातो. दुसरा डब्याबरोबर कोणाची तरी बातमी आणतो, स्वतःचे नाव मागे ठेवतो, आणि ज्याच्याविषयी बोलला त्याच्याकडे तुम्ही जाऊ नये अशी तजवीज करून ठेवतो. ही तिसरी खूण आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. ‘त्यांना विचारू नका, ते भडकतील,’ असे कोणी म्हणाले, की आता आम्ही त्याच दिवशी विचारावयास जातो. तोंडी हुकुमाची दोन ओळींची टिपण करून संध्याकाळी बडे बाबूंची सही घेतो. घरचे दुखणे कोणाजवळ उघडे करावे हेही पाहतो. ह्यात शौर्य काही नाही, पण कचेरीतले निम्मे विष एवढ्याने उतरते.

येथेच थांबलो असतो तर आमची बाजू बरी दिसली असती. पण ‘ह्याने आमचा घात केला’ हे एकदा कळल्यावर त्या सहकाऱ्याविषयी काहीही खरे वाटू लागले, आणि जे वाटले ते आम्ही बोलू लागलो. एकदा हिशेबाच्या रजिस्टरात एक रक्कम चुकली. हे त्याचेच काम, असे आम्ही चार जणांसमोर म्हणालो. बडे बाबूंनी रजिस्टर उघडले. अक्षर आमचे होते.

आनंदीबाईच्या बाबतीत हे आठवते. तिच्या हातून ते अक्षर बदलले गेले ह्याला भक्कम पुरावा नाही, असे पुष्कळ इतिहासकार मानतात. तरी अडीचशे वर्षे तिच्या नावावर ती म्हण चालली आहे, आणि किल्ल्यात उभे राहून आम्हीही ती चालवली. कपटी माणूस ओळखावा हे खरे. परंतु ‘कपटी’ हा शिक्का एकदा हाती आला, की तो मारण्याची फार घाई होते. म्हणून आम्ही आता माणसाच्या स्वभावाचा निकाल करण्याच्या भरीस पडत नाही. कोणता शब्द बदलला, कोणता कागद फिरवला, एवढेच पाहतो आणि तेवढ्याच गोष्टीविषयी बोलतो.

पीथमपूरच्या एका कारखान्यात काम करणारा आमच्या तरुण संघातील एक मुलगा मध्यंतरी आमच्याकडे आला होता. त्याचा सुपरवायझर त्याचे काम स्वतःच्या नावावर दाखवी, आणि पाळी संपताना सर्वांसमोर त्याला मंद म्हणे. मुलगा विचारू लागला, “काका, क्षमा करायची म्हणजे किती दिवस सोसायचे?” आम्ही उपासनेच्या घाईत होतो. प्रभूने पेत्राला क्षमेचा हिशेब ठेवू नये असे सांगितले आहे, एवढे म्हणून त्याची बोळवण केली. सहा महिन्यांनी त्याची आई रडत आली. पोराची झोप गेली होती, जेवण तुटले होते.

मत्तयाच्या ज्या अध्यायात पेत्राला ते उत्तर मिळाले, त्याच अध्यायात त्याच्या आधी दुसरे शिक्षण आहे. अपराध करणाऱ्याला एकट्याने गाठून त्याची चूक सांगावी, न ऐकल्यास एकदोन साक्षीदार न्यावेत, आणि तरीही न ऐकल्यास मंडळीला कळवावे. उपदेश करताना आम्ही अध्यायाचा उत्तरार्ध घेतो आणि पूर्वार्ध सोडतो. दुबळ्याला क्षमा शिकवणे सोपे, सबळाला साक्षीदारांसह भेटणे कठीण, हेच त्याचे खरे कारण असावे. क्षमा मनातला सूड काढून टाकते. तिजोरीची किल्ली पुन्हा त्याच हातात द्यावी, अशी तिची अट नाही.

रामशास्त्री प्रभुण्यांचा दाखला अशा वेळी सर्व जण देतात. त्यांनी नारायणरावांच्या खुनाची चौकशी केली, रघुनाथरावांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले, पद सोडले, आणि वाईजवळ पांडववाडीस जाऊन राहिले. थोर पुरुष खरा. पण घरभाडे आणि धाकट्या बहिणीची फी ज्याच्या पगारावर आहे, त्या मुलाने कोणत्या पांडववाडीस जावे? नोकरी सोड असे त्याला आम्हांस सांगवले नाही. रोज केलेल्या कामाची वही ठेवण्यास सांगितले. महिनाभराने एका जुन्या कामगाराला सोबत घेऊन तो सुपरवायझरकडे गेला, आणि तेथे काही झाले नाही म्हणून वही घेऊन वरच्या साहेबांकडे गेला. सुपरवायझर सुधारला नाही, पण मुलाची पाळी बदलली. फाटकापाशी भेट झाली की तो त्याला नमस्कार करतो, चहाला मात्र थांबत नाही. आता त्याला झोप येते, असे त्याची आई म्हणते.

रजिस्टराचे सांगावयाचे राहिले. ज्या चौघांसमोर आरोप केला होता, त्यांनाच बोलावून आम्ही त्या सहकाऱ्याची क्षमा मागितली. त्याने आमचा हात धरला, डोळ्यांत पाणी आणले, चहा मागवला. मग वर्षभर तो नव्या माणसांना ती गोष्ट सांगत राहिला, की एवढे उपदेशक, रविवारी व्यासपीठावर उभे राहतात, आणि माझ्यावर खोटा आळ घेतला. एकदा आम्ही दाराआड उभे राहून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. त्या वेळी त्याने एकही अक्षर बदललेले नव्हते.