घराची पायरी आणि जंगमाचे ऋण

‘सीझर ३’ या १९९८ साली आलेल्या संगणकीय खेळात रोमन नागरिकाचे घर तंबूपासून सुरू होते. खेळाडू हा प्रांताचा कारभारी. तो रस्ता आखतो, कडेला जागा नेमून देतो, आणि गाडीवर चीजवस्तू लादून कुटुंबे राहायला येतात. विहिरीचे पाणी मिळाले, बाजारातून अन्न येऊ लागले, देवळाचा पुजारी फिरकू लागला की तंबूची झोपडी होते. पुढे कारंजे, शाळा, स्नानगृह, वैद्य, मातीची भांडी, तेल, लाकडी सामान, मद्य अशी गरजांची यादी लांबत जाते. ती पुरी होत गेली तर तेच घर पक्के होते, मग मजल्यांची इमारत, मग हवेली, शेवटी राजवाडा. अशा एकूण वीस पायऱ्या आहेत. एखादा पुरवठा तुटला की घर खाली उतरते, आणि त्यात न मावणारी माणसे रस्त्यावर येतात.

या रचनेतली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. घरातला माणूस देवळात जात नाही, बाजारात जात नाही. पुजारी देवळातून निघून रस्त्याने चालतो आणि ज्या घरांवरून जातो त्यांना देवाचा लाभ झाला असे धरले जाते. बाजारातली बाई माल घेऊन गल्ल्यांतून फिरते. चौकात आल्यावर अशी फिरती माणसे कोणत्या बाजूला वळतील याचा नेम नसतो. त्यामुळे गोदाम भरलेले असूनही एखादी आळी उपाशी राहते, केवळ बाई त्या बाजूला वळली नाही म्हणून. घर स्थिर, पण त्याची चढउतार ठरते ती दारावरून जाणाऱ्यांच्या पावलांवर.

यातून निघणारा प्रश्न खेळापेक्षा फार जुना आहे. घराची उन्नती दारावरून जाणाऱ्यांमुळे होत असेल, तर उन्नत झालेल्या घरावर त्यांचे ऋण राहते का? आणि राहत असेल तर ते कशाने फिटते? खेळ या प्रश्नाला हात घालत नाही. त्यात घराने द्यायच्या गोष्टी दोनच, कर आणि कामकरी हात. हवेलीच्या पायरीला पोचल्यावर त्यातलीही एक संपते. तिथले रहिवासी उच्चकुलीन ठरतात, भरपूर कर देतात आणि काम करणे सोडतात. सर्वांत जास्त लोकांच्या चालण्यावर उभे असलेले घर स्वतः कोणासाठीच चालत नाही.

खुद्द रोमच्या धर्माला हा प्रश्न अपरिचित नव्हता. रोमन घरात कुळरक्षक लारेस देवतांचा कोनाडा असे, आणि त्याच देवतांची ठाणी वस्तीतल्या चौकाचौकांतही असत. हिवाळ्यातल्या कॉम्पितालिया या सणात चौकातल्या ठाण्यांची पूजा होई आणि तिच्यात गुलामांनाही मानाचा वाटा असे. इ. स. पू. ७ मध्ये ऑगस्टसने रोमचे चौदा विभाग पाडून आळ्यांची नवी व्यवस्था लावली तेव्हा ही चौकपूजा तिच्या केंद्रस्थानी ठेवली. घराचा देव आणि वाटेचा देव एकच, ही त्या धर्माची समजूत होती. खेळात मात्र देव हा पाण्या-तेलासारखा एक पुरवठा आहे. पाच देवांची देवळे लोकसंख्येच्या प्रमाणात बांधायची, अधूनमधून उत्सव करायचे, म्हणजे कोप टळतो.

भारतीय विचारात गृहस्थाश्रमाची सुरुवातच ऋणाच्या जाणिवेने होते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली हिंसेची पाच ठिकाणे सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. घर चालवायचे तर ही पाचही लागतातच, म्हणून त्यांच्या परिमार्जनासाठी रोजचे पंचमहायज्ञ, आणि त्यांपैकी एक मनुष्ययज्ञ, म्हणजे दारी आलेल्याचा सत्कार. या विधानाचे मोल मोठे आहे. घर कधीच निर्दोष नसते हे ते मान्य करते. पण त्याच ग्रंथात दारी कोण आलेला चालेल आणि कोण नाही याचीही उतरंड आहे, आणि तिथे हा विचार स्वतःलाच अडवतो. ज्याच्या चालण्याने घर उभे राहिले त्यालाच अतिथी म्हणून उंबऱ्यापर्यंत येता येत नाही.

बेंगळुरूतली बसवनगुडी ही या अडचणीचे दगड-चुन्यातले उदाहरण आहे. ऑगस्ट १८९८ मध्ये बेंगळुरूत प्लेग शिरला. जुन्या पेठेतली दाटी हे त्याचे कारण मानले गेले आणि मोकळ्या जागी नव्या वस्त्या वसवण्याला जोर आला. दक्षिणेला बसवनगुडी, उत्तरेला मल्लेश्वरम. सरळ रुंद रस्ते, आखलेले भूखंड, झाडे, बगीचे. हेसरघट्ट्याच्या तलावातून नळाचे पाणी शहरात काही वर्षांपूर्वीच आले होते. आजारी पेठेतून निघालेल्या कुटुंबाला इथे एका पिढीत कितीतरी पायऱ्या चढता आल्या, आणि त्यातले कल्याण खरे होते. पण भूखंडांची वाटणी जातीजमातींच्या गटांप्रमाणे झाली आणि घरांच्या मागून एक अरुंद बोळ काढला गेला, ज्याला तिथले लोक आजही कॉन्झर्व्हन्सी लेन म्हणतात. घराचा दर्शनी दरवाजा रुंद रस्त्यावर, संडासाचे दार मागच्या बोळात. मैला नेणारा माणूस त्या बोळातून येई, टोपली भरे आणि त्याच वाटेने जाई. घरातल्या कोणाला तो दिसू नये अशीच ती आखणी होती. प्लेगनंतरच्या वस्तीत सर्वांत जीवनावश्यक काम करणारा जंगम, म्हणजे फिरता माणूस, हाच होता आणि त्याच्यासाठी वेगळी, नजरेआडची वाट आधीपासून कागदावर काढलेली होती. माणसाच्या डोक्यावरून मैला वाहण्याची ही प्रथा बंद करण्यासाठी १९७०च्या दशकात मंत्री बी. बसवलिंगप्पा यांना पुढे यावे लागले.

या दोन्ही उपनगरांत देऊळ आधीचे आणि घरे मागाहूनची. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराला शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी १६६९ मध्ये गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. बेंगळुरू तेव्हा भोसल्यांच्या जहागिरीत होते. बसवनगुडीचे नाव ज्या नंदीवरून पडले तो दोड्ड बसव बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडाने १५३७ मध्ये देऊळ बांधून प्रतिष्ठित केला असे सांगतात. एकाच शिळेतला हा नंदी सुमारे पंधरा फूट उंच आणि वीस फूट लांब आहे. इथे देव ही वस्तीची सोय नव्हे, वस्तीच देवाच्या शेजाराला आली.

वीरशैव परंपरा ज्यांना नंदीचा अवतार मानते त्या बसवण्णांनी बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणात हाच प्रश्न सर्वांत धारदार केला. स्थावर आणि जंगम असा भेद करून त्यांनी जंगमाला वरचे स्थान दिले. धनवंत दगडाचे देऊळ उभारू शकतो. ज्याच्यापाशी धन नाही त्याचे शरीर हेच देऊळ. उभारलेले पडते, चालणारे टिकते. त्याच्या जोडीला दोन आचार आले. कायक म्हणजे प्रत्येकाने श्रमानेच जगायचे, आणि दासोह म्हणजे त्या श्रमाचे फळ इतरांपुढे ठेवायचे. या कसोटीवर खेळातली हवेली नापास होते. काम सोडणे ही तिथे सर्वांत वरची पायरी आहे. कायकाच्या विचारात तीच सर्वांत खालची. हवेली भरपूर कर देते ही सबबही दासोहापुढे टिकत नाही, कारण कर तिजोरीत जातो आणि दासोह माणसासमोर होतो.

मराठी वाचकाला इथे पैठणच्या एकनाथांची कथा आठवेल. श्राद्धाचा स्वयंपाक तयार होता, त्याचा सुवास रस्त्याने जाणाऱ्या अस्पृश्य कुटुंबाला आला, मुलांना भूक लागली, आणि नाथांनी ब्राह्मणांसाठी केलेले अन्न त्यांनाच वाढले. चरित्रकारांनी पुढे पितर स्वतः जेवायला आल्याचा चमत्कार सांगितला आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी घटना पुरेशी मोठी आहे. नाथ संसारी होते, घर सोडून गेले नव्हते. घरात राहूनच त्यांनी वाटेवरच्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेतले, आणि त्याची किंमत म्हणून बहिष्कार सोसला.

यावर एक आक्षेप रास्त आहे. झाडणाऱ्याला पगार मिळतो, भाजीवाल्याला पैसे मिळतात. मग ऋण उरते कुठे? पगाराने वेळ आणि श्रम यांचा हिशेब होतो हे खरे. पण १८९८ नंतरच्या बसवनगुडीतल्या कुटुंबाने वाचवलेले आयुष्य कोणत्याही पगारपत्रकात मावत नाही, आणि पगार घेणाऱ्याला मागच्या बोळात ठेवण्याचा अधिकार तर पगाराने मुळीच विकत मिळत नाही. मजुरी देऊन ऋण फिटले असे म्हणणाऱ्याने आधी तो बोळ का लागला हे सांगायला हवे.

बसवनगुडीतच ऋण मान्य करण्याची एक रीत टिकून आहे. आख्यायिका अशी की सुंकेनहळ्ळी, गुट्टहळ्ळी, मावळ्ळी, दासरहळ्ळी या गावांतल्या भुईमुगात रात्री एक बैल शिरे. चिडलेल्या शेतकऱ्यांनी त्याच्यावर घाव घातला आणि तो दगड झाला. मग पश्चात्तापाने त्यांनी पिकाच्या पहिल्या शेंगा त्याला वाहिल्या. तो दगडही वाढतच राहिला, तेव्हा त्याच्या मस्तकावर त्रिशूळ रोवून त्याची वाढ थांबवली. वाढीला मर्यादा घालणे हे पूजेचेच अंग मानणारी ही कथा आहे. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, भरते. बुल टेंपल रोडच्या दोन्ही कडांना पोती उघडी पडतात. ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या शेंगांचे ढीग लागतात. डब्याच्या मापाने विक्री होते, आणि मूठभर शेंगा आधी बसवापुढे जातात. जुन्या गावांची शेते कधीच रस्त्यांखाली गेली, शेंगा आता दूरच्या जिल्ह्यांतून येतात. त्या दिवशी रहिवासी घरातून उतरून विक्रेत्याकडे चालत जातो, आणि ज्या पिकाच्या रानावर आपले घर उभे आहे ते पीक विकत घेतो.

पण परिषे वर्षातून एकदाच येते. पंचमहायज्ञ मात्र रोजचे सांगितले होते. बसवनगुडीच्या जुन्या अंगणांच्या जागी आता बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या फाटकावर पहारेकरी असतो, आणि सामान घेऊन आलेला मुलगा अनेकदा तिथूनच परत फिरतो. पहाटे रस्ता झाडणाऱ्या पौरकार्मिक बाईला फाटकाशी थांबण्याचेही कारण नसते. तिला त्याच रस्त्यावर प्यायला पाणी, टेकायला सावली आणि शौचाला जागा मिळणे, आणि ती कोणी मेहरबानी म्हणून न देणे, एवढी या ऋणाची सर्वांत साधी, आजच देता येण्याजोगी फेड आहे.