जुन्या फॉर्मना हात लावण्यापूर्वी

मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस १९९२ मध्ये बाजारात आलं. त्यात कुणी तरी हौसेने बांधलेले डेटाबेस कार्यालयांत, ग्रंथालयांत अजूनही चालू आहेत. बांधणारा केव्हाच निघून गेलेला असतो, नोंदी मात्र रोज पडत असतात. मग एके दिवशी फर्मान निघतं: सगळ्या फॉर्मचा फॉन्ट बदला, प्रत्येक फॉर्मवर मोबाइल क्रमांकाचा रकाना घाला.

एकेक फॉर्म हाताने उघडत बसायची गरज नसते. ॲक्सेसच्या आत चालणाऱ्या व्हीबीए या प्रोग्रामिंग भाषेत थोड्या ओळींचं काम आहे. फॉर्मच्या यादीवर लूप फिरवायचा, प्रत्येक फॉर्म डिझाइन व्ह्यूमध्ये पडद्याआड उघडायचा, कंट्रोलचे गुणधर्म बदलायचे, सेव्ह करून बंद करायचा. ही ताकद मला मनापासून आवडते. पण लूपला चूक आणि सोय यांतला फरक कळत नाही, म्हणून घाईने चालवलेल्या लूपची मला धास्ती वाटते.

टॅबचा क्रम घ्या. नोंद करणाऱ्या बाईंची नजर कागदावर असते, बोटं कीबोर्डवर. नाव, टॅब, पत्ता, टॅब, पिनकोड. स्क्रीनकडे त्या क्वचितच बघतात. प्रोग्रामने घातलेला नवा रकाना ॲक्सेस या क्रमात सर्वांत शेवटी टाकतं. दिसायला तो पत्त्याशेजारी असला, तरी कर्सर तिथे पोचतो सगळा फॉर्म भरून झाल्यावर. तोच रकाना कुणालाही न विचारता मध्ये सरकवला, तर पिनकोड मोबाइलच्या जागी पडू लागतो. दोन्ही आकडेच, त्यामुळे कित्येक दिवस पत्ता लागत नाही.

मराठी डेटाबेसमध्ये तर याहून मोठा धोका आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आत मराठी नसतोच. तिथे वेगळीच चिन्हं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. लूपने फॉन्ट बदलून मंगल हा युनिकोड फॉन्ट केला की सभासदांच्या नावांचा पार विचका होतो. मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि तोही फक्त टेबलांतला नव्हे. ‘शहरी’, ‘ग्रामीण’ असे पर्याय बऱ्याचदा कॉम्बो बॉक्सच्या यादीत थेट टाइप केलेले असतात. टेबल कितीही नीट बदललं तरी ते तसेच राहतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की पहिल्या लूपने काहीच बदलू नये. त्याने फक्त वाचावं. ‘सेव्ह ॲज टेक्स्ट’ ही आज्ञा अख्खा फॉर्म साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून देते. कोणता फॉन्ट कुठे आहे, कोणता रकाना लपवलेला आहे, टॅबचा क्रम काय, सगळं त्यात सापडतं. बदल डेटाबेसच्या प्रतीवर करून आधीची नि नंतरची फाइल शेजारी ठेवली, की काय हललं ते ओळीओळीने दिसतं. लपवलेला एखादा चौकोन अडगळ वाटतो, पण दुसऱ्या फॉर्मची क्वेरी कदाचित त्यातूनच आर्थिक वर्ष उचलत असते. निदान हे कोड शोधून कळतं. एखादा क्रम उलटा का ठेवलाय, हे मात्र कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. त्यासाठी त्या बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून त्या नोंद कशी करतात ते बघत बसावं लागतं, आणि प्रोग्रामरच्या कामाच्या अंदाजात तो वेळ धरलेला असला पाहिजे.