यादी कुणी लिहिली, हे मी विचारणार नाही

पुस्तकं मिटा आणि फळ्याकडे बघा. सुबक अक्षरात ‘समानार्थी शब्द’ असं शीर्षक आणि त्याखाली सहा शब्द: अनौरस, जारज, कानीन, दासीपुत्र, लेकावळा, अक्करमाशी. सगळ्यांत शेवटी याच वर्गातल्या एका मुलाचा हजेरी क्रमांक. नाव लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून आकडा!

कुणी लिहिलं, हे मी विचारणार नाही. खडू एकाच्या हातात होता, पण डस्टर सगळ्यांच्या समोर पडलं होतं. मी वर्गात येईपर्यंत एकालाही उठून ते पुसावंसं वाटलं नाही. काही खिदळले, बाकीचे मूग गिळून बसले. त्यामुळे आज बोलणीही सगळ्यांनी खायची आहेत. त्या मुलाला मी ग्रंथालयात पाठवलं आहे. त्याच्या घरची चौकशी करायचा अधिकार तुम्हाला कुणीही दिलेला नाही, आणि मीही त्यावर एक अक्षर बोलणार नाही.

आधी तुमचं मराठी तपासू. अकरावीत आलात, आणि हे सहा शब्द तुम्हाला समानार्थी वाटले? औरस म्हणजे लग्नाच्या बायकोपासून झालेला. तसा नसलेला तो अनौरस. हा वारसाहक्काच्या कज्जातला शब्द. जारज म्हणजे बाईच्या जारापासून झालेला. कानीन म्हणजे लग्न न झालेल्या मुलीच्या पोटी आलेला. कर्ण कानीन होता. विदुर दासीपुत्र, त्याची आई दासी होती. लेकावळा हा वाड्यावरचा शब्द. मालकापासून बटकीला झालेलं मूल त्याच वाड्यात राबायचं, पण बरोबरीचा वाटा मागू शकत नव्हतं. आणि अक्करमाशी? तोळ्याचे मासे बारा. अकराच भरले तर तोळा अपुरा. म्हणजे जिवंत माणसाला तराजूत घालून एक मासा कमी ठरवण्याचा शब्द. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली आपल्या आत्मचरित्राला हेच नाव दिलं. गावाने ज्या शब्दाने हिणवलं तोच त्यांनी पुस्तकाच्या कपाळावर लिहिला आणि गावाला जाब विचारला. ज्या शब्दाने त्यांनी जाब विचारला, त्याची तुम्ही पुन्हा शिवी केलीत.

इतके शब्द झाले कशाला, हा प्रश्न कुणाला पडला का? जमीन कुणाची, वाटा कुणाला, पिंड कुणी द्यायचा, पंगतीत कुणाला बसवायचं, हे ठरवण्यासाठी झाले. मनुस्मृतीने बारा प्रकारचे पुत्र मोजले ते त्याच हिशेबासाठी. आता फळ्यावरचा एकेक शब्द पुन्हा वाचा. सहाच्या सहा शब्द मुलाला चिकटतात. ज्याने बाईला फसवलं, नाव द्यायची वेळ आली तेव्हा तोंड फिरवलं आणि उजळ माथ्याने गावात फिरला, त्याच्यासाठी या यादीत जागा नाही. करणी एकाची, डाग दुसऱ्याच्या कपाळी. ही लबाडी ज्यांनी केली ते केव्हाच गेले. तुम्ही मात्र आज ती स्वतःच्या हाताने फळ्यावर चालू ठेवलीत.

पसायदान तुम्ही रोज म्हणता. ते ज्यांनी मागितलं त्यांच्या आईवडिलांचं रीतसर लग्न झालेलं होतं. तरीही वडील संन्यास सोडून संसारात परतले म्हणून त्या चार भावंडांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून वाळीत टाकलं आणि शुद्धिपत्रासाठी पैठणला पाठवलं, असं परंपरा सांगते. हिणवणाऱ्याला कारण लागत नाही, निमित्त पुरतं. हिणवणाऱ्यांची नावं आज कुणाला ठाऊक आहेत?

आणि याच महाराष्ट्रात वेगळं वागणारी माणसंही झाली. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, बाळंत व्हावं, जीव देऊ नये आणि घेऊ नये, एवढंच मागणं होतं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं मूल त्यांनी १८७४ साली दत्तक घेतलं. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले, तेव्हा त्याच्या हाती टिटवं द्यायला भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाईंनी वाद घातला नाही. टिटवं स्वतः उचललं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि चितेला अग्नीही त्यांनीच दिला. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा याच मुलाला बरोबर घेऊन त्यांनी रुग्णांची सेवा केली, आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

कायदाही पुढे गेला, तुम्ही मागे राहिलात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ने रद्दबातल लग्नांतून झालेल्या मुलांना औरस मानलं. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अविवाहित आईला मुलाचं पालकत्व मिळवण्यासाठी वडिलांचं नाव उघड करायची सक्ती नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. देशाचं सर्वोच्च न्यायालय जो प्रश्न आईला विचारत नाही, तो तुम्ही तिच्या मुलाला विचारणार? कुठल्या तोंडाने?

हे शब्द कोशात राहतील. मी ते शिकवेन, परीक्षेतही विचारेन. महाभारत, बखरी आणि दलित आत्मकथनं समजून घ्यायची तर ते यायलाच हवेत. अर्थ ठाऊक असणं ही तुमची जबाबदारी आहे, दुसऱ्याच्या अंगावर फेकण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

तो मुलगा आता परत येईल. त्याच्याभोवती घोळका करून माफीचा तमाशा मांडू नका. ज्याला खरंच लाज वाटली असेल त्याने एकट्याने जाऊन त्याच्याशी बोलावं. आणि नीट ऐका: यापुढे या वर्गात कुणाच्याही जन्मावरून एक शब्द निघाला, तर पालकांना शाळेत बोलावणार नाही. मी स्वतः तुमच्या घरी येईन आणि तुमच्या आईसमोर तुम्हाला तो शब्द पुन्हा उच्चारायला लावीन.