वैद्यनाथाचा स्पर्श आणि घरच्या संगणकाचे प्रामाण्य

बीड जिल्ह्यातील परळीच्या ज्योतिर्लिंगास वैद्यनाथ हे नाव कसे पडले, याविषयी जी आख्यायिका तेथे सांगितली जाते तिच्यात, समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी ही दोन्ही रत्ने विष्णूने या लिंगात लपविली, दानवांनी हात लावताच त्यातून ज्वाळा उसळल्या आणि शिवभक्तांनी हात लावताच अमृतधारा स्रवू लागल्या, असे वर्णन आहे. लिंगाला स्पर्श करून दर्शन घेण्याच्या तेथील परंपरेचा संबंधही लोक याच कथेशी लावतात. भाविकाला या कथेत ईश्वराच्या वात्सल्याचा प्रत्यय येतो. मला तिच्यात ज्ञानशास्त्रातील एक फार जुनी आकांक्षा दिसते: येणाऱ्याचे नावगाव न पुसता, त्याच्या पूर्वचरित्राचा दाखला न मागता, केवळ स्पर्शाने साधू कोण आणि दुष्ट कोण याचा निवाडा करणारे काहीतरी या जगात असावे. घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस घ्यायला निघालेला गृहस्थ दुकानदाराकडे नेमके हेच मागत असतो.

हे मागणे पुरे होणे नाही, हे फ्रेड कोहेन या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ साली दाखवून दिले. कोणताही प्रोग्राम पाहून तो व्हायरस आहे की नाही हे अचूक सांगणारा एक सर्वज्ञ परीक्षक आहे असे गृहीत धरले, तर असा एक खट्याळ प्रोग्राम कल्पिता येतो की जो प्रथम त्या परीक्षकालाच आपल्याविषयी अभिप्राय विचारतो, ‘दुष्ट’ असे उत्तर आले तर निमूट बसतो आणि ‘सज्जन’ असे आले तर पसरू लागतो. अर्थात परीक्षकाने काहीही सांगितले तरी तो खोटाच पडतो. आपले जुने तार्किक याला वदतोव्याघात म्हणून मोकळे झाले असते. मग लाहोरच्या दोन भावांनी १९८६ साली लिहिलेल्या ‘ब्रेन’ या व्हायरसानंतर जगभर, आणि पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंनी संगणकदुरुस्तीच्या धंद्यातून १९९५ साली काढलेल्या ‘क्विक हील’पासून आपल्याकडे, जी साधने विकली गेली ती काय करतात? मुख्यतः ज्ञात व्हायरसांच्या खुणांचे एक दप्तर बाळगतात आणि प्रत्येक फाइल त्याशी ताडून पाहतात. अलीकडे फाइलच्या संशयास्पद वर्तनावरूनही तर्क बांधतात. खुणांच्या दप्तराची मर्यादा मंथनाच्या त्याच कथेत सापडते. वेष पालटून देवांच्या पंक्तीत बसलेला राहू ओळखला गेला खरा, परंतु तो अमृत त्याच्या कंठापर्यंत पोहोचल्यावर. कोणाचा तरी संगणक आधी बाधल्याखेरीज नव्या व्हायरसाची खूण दप्तरात सहसा चढत नाही.

ज्ञानाचे खरेपण कशाने ठरते, या प्रश्नावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके जो वाद चालला, तो इथे लागू पडतो. मीमांसक कुमारिलभट्टाच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते; त्याला बाधणारे दुसरे ज्ञान उत्पन्न होईपर्यंत किंवा ज्या साधनाने ते झाले त्यातला दोष, म्हणजे कारणदोष, उघड होईपर्यंत त्यावर विश्वास ठेवणेच रास्त होय. नैयायिकाला हे मान्य नाही. प्रामाण्य ‘परतः’, म्हणजे दुसऱ्या प्रमाणाने, सिद्ध व्हावे लागते असे तो म्हणतो. त्यावर मीमांसक विचारतो, त्या दुसऱ्याचे प्रामाण्य कोणी पाहावे? तिसऱ्याने? मग तर अनवस्थाच झाली.

ही अनवस्था आणि हा कारणदोष मी अंबाजोगाईत एका निवृत्त शिक्षकांच्या घरी एकाच टेबलावर पाहिले. त्यांचा अँटिव्हायरस काही केल्या अद्ययावत होईना, म्हणून पुण्यातल्या मुलाच्या सल्ल्यावरून त्यांनी शेजारी दुसरा बसविला होता. परिणामी साधी चिठ्ठी उघडायची तरी ती दोन्ही पहारेकरी आळीपाळीने तपासत, एकमेकांच्या हालचालींवरही संशय घेत, आणि यंत्र धापा टाकी. दुरुस्तीला आलेल्या मुलाने कोणत्याही प्रोग्रामला हात न लावता आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती कित्येक वर्षे मागची होती. “सर, आतला सेल उतरलाय. मशीनला आजची तारीखच माहीत नाही.” मदरबोर्डावरील नाण्याएवढा सेल संपल्यामुळे वीज बंद झाली की घड्याळ मागे जाई, आणि अद्ययावत खुणा पुरविणाऱ्या संकेतस्थळाचे सुरक्षेचे दाखले अजून अंमलात यायचेच आहेत असे समजून यंत्र ते नाकारी. मुलाने सेल बदलला, तारीख लावली, दुसरा अँटिव्हायरस काढला, आणि तो निघाल्यावर त्याचे उरलेसुरले भाग पुसण्यासाठी कंपनी जे निराळे साधन देते ते चालविले. दोष ज्ञानात नव्हता, साधनात होता. कुमारिलाला हे उदाहरण आवडले असते.

तथापि नैयायिकाची बाजू इतक्यावर बुडत नाही. अनवस्थेच्या आक्षेपाला त्याचे उत्तर असे की शेवटी व्यवहारच निवाडा करतो: दिसले ते पाणी की मृगजळ, हे तहान भागली की कळते. हे उत्तर मला नेहमीच समाधानकारक वाटत आले आहे. केवळ या एका क्षेत्रात ते चालत नाही, कारण पाणी खरेच असून त्यात विष असेल, तर पिऊन पाहणे हा परीक्षेचा मार्ग उरत नाही. संशयित फाइल उघडून पाहणे म्हणजे हेच. उरतो आप्तवचनाचा आधार. परंतु वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगू इच्छिणारा तो आप्त, ही न्यायभाष्यकार वात्स्यायनाची कसोटी घेऊन पाहिले तर, मुदत संपत आली की तांबड्या अक्षरांत भय दाखवून नूतनीकरण करावयास लावणारा विक्रेता तिला कितपत उतरेल याची शंका येते. आणि हेतू शुद्ध असला तरी ज्ञान चुकू शकते, कारण १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. त्या दिवशी शत्रू कोणीही नव्हता.

म्हणून माझा कौल असा. नित्याच्या व्यवहारात मीमांसक असावे: विंडोज १० आणि ११ मध्ये मुळातच असलेला डिफेंडर घरच्या कामाला बहुधा पुरतो, दुसरा बसवायचाच तर एकच बसवावा, तो आला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो आणि तो काढला की परत येतो. अनोळखी पेनड्राइव्ह, फुकटचा म्हणून मिळालेला चोरटा प्रोग्राम आणि बँकेच्या नावाने आलेली फाइल यांच्यापुढे मात्र नैयायिक व्हावे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, ही गोष्ट त्यावर काम करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी, कारण पायाच ढासळत असेल तर पहारा कितीही चोख असून उपयोग नाही. आणि स्पर्शाने निवाडा करणारे यंत्र मिळणार नाही हे एकदा पत्करल्यावर, झालेली हानी भरून काढण्याची तजवीज करणे एवढेच आपल्या हाती राहते. सबब, वाचकहो, पैसे अँटिव्हायरसवर खर्च करण्याआधी एक बाहेरची डिस्क घ्या, सातबाराचे उतारे, मुलांचे दाखले आणि घरातली छायाचित्रे तिच्यावर उतरवा, आणि काम झाले की ती काढून कपाटात ठेवा. संगणकाला जोडून ठेवलेली प्रत खंडणीखोर व्हायरस मूळ फाइलींबरोबरच कुलूपबंद करतो.