आत कोण जाणार?

लेकीला नववा लागला तशी मी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. सासूबाईंचं मऊ पडलेलं नऊवारी फाडून दुपटी केली, लंगोट शिवले, दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवले. बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी नवं काही घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्यामागची भीती मला पटत नाही. पण जुन्या सुताचा मऊपणा दुकानात मिळत नाही, हेही खरं. मग टोपडी, झबली, लेकीचे गाऊन, पॅड. वरच्या कप्प्यात फाइल: सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, माता-बाल संरक्षण कार्ड. मावशीने गुपचूप ठेवलेली मधाची बाटली मी काढून घेतली. पहिल्या तासात बाळाच्या तोंडी आईचा चीकच जायला हवा. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

भरलेली पिशवी पाहून लेक म्हणाली, ‘‘सगळं आहे गं. पण आत माझ्याजवळ कोण असेल?’’

मला एकतीस वर्षांपूर्वीची रात्र आठवली. माझी पिशवी आणि माझी आई, दोघी दाराबाहेर. आत कळ आली आणि मी ओरडले, तर आया खेकसली, ‘‘आता कशाला ओरडतेस?’’ पुढे ती जे बोलली ते इथे छापण्याजोगं नाही. बाळंत झालेल्या अनेकींना ते वाक्य न सांगता कळेल. मी ते नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटते. चार वर्षांनी जाऊ बाळंत होऊन घरी आली आणि असंच काही सांगून रडू लागली, तेव्हा मी म्हणाले, ‘‘सगळ्याच सोसतात गं. विसरशील.’’ आयाचं बोलणं आणि माझं बोलणं यांत फार अंतर होतं, असं आता वाटत नाही.

सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण आत ठेवायला केंद्र सरकारने 2016 सालीच मुभा दिली आहे. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, तिने उपचारांत ढवळाढवळ करू नये, अशा साध्या अटी. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सुचवते. जवळचं माणूस सोबत असलं तर कळांचा काळ कमी होतो, सिझेरियनही कमी करावी लागतात. तरी ‘सोबत’ आपल्या यादीत येत नाही. दुपटी ही गरज आणि सोबत हे लाड, असं आपण बायकांनीच ठरवून टाकलंय.

तुमच्या घरी कुणाचे दिवस भरत आले असतील, तर पुढच्या तपासणीलाच डॉक्टरांना विचारून घ्या, आत कोण थांबू शकेल. आणि त्याआधी तिला विचारा, तिला कोण हवंय.

मी विचारलं. लेकीने माझं नाव घेतलं नाही. काकू हवी म्हणाली. मंगळवारी पहाटे जाऊ तिच्याबरोबर आत गेली आणि मी पिशवी घेऊन बाहेरच्या बाकावर बसले.